सलीमभाईंची डुलकी

बातमी एक दिवस जगते. किस्से मात्र टेलरच्या दुकानातल्या चिंध्यांसारखे. आज झाडले तरी उद्या पुन्हा तितकेच!

शहाद्यात सलीमभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही रोज सकाळी बसतो. मी जुना बातमीदार आणि कळसाडीचे शेतकरी हिंमतआप्पा. सलीमभाईंना कंपवात आहे. हात थरथरतो, ते लोकांना समजतं. पण बोलता बोलता झोप लागली की लोक म्हणतात, पितो! गिऱ्हाईकं फुटायला लागली, तसं माझं डोकं फिरलं.

*

सलीमभाईंना घेऊन धुळ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाची केंद्रं असतात. हातपाय कधी हलवायचे, कधी थांबवायचे, यावर त्यांचा ताबा असतो. जागं राहण्यात आणि झोपण्यातही त्यांच्या जोडण्यांचा वाटा असतो. या आजारात तिथलं डोपामाइन आटतं, घडी विस्कटते. वर काही गोळ्यांनीही अचानक झोप येते.

सलीमभाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मन्ही चूक नही?"

परतताना एसटीत हा माणूस चक्क शिट्टी वाजवत होता.

*

गाढ झोपेत त्यांची थरथर थांबते. आप्पा एकदा म्हणाले, मग झोपेतच शिवत जा की!

"शिवसू. पन माप कोन लेई?"

*

एक साहेब सफारी शिवायला आले. सलीमभाईंना डुलकी लागली, तर मला विचारतात, हा नशा करतो का?

म्हटलं, "साहेब, मीटिंगमध्ये तुम्ही झोपता, तेव्हा आम्ही असं छापतो का?"

सफारी तिथंच शिवली!

*

सलीमभाई कापड कापताना कुणीतरी शेजारी बसायचं, हा आमचा नियम. आप्पांच्या योगेशचं लग्न ठरलं. घरचे म्हणाले, कोट दुसरीकडे टाका. आप्पांनी भारीतलं कापड आणून सलीमभाईंपुढेच ठेवलं, नवरदेवालाही सोबत आणलं.

खडूनं आखणी झाली, कात्री चालली आणि अर्ध्यावर थांबली. सलीमभाईंची मान कलली.

योगेश उठला. "बाबा, कापड उचला. दुसराकडे जाऊ."

आप्पांनी सलीमभाईंच्या बोटांतून कात्री हळूच सोडवून बाजूला ठेवली. मुलाला खुणेनं बसवलं. मग टोपी काढली, भिंतीला टेकले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं सलीमभाई जागे झाले. अर्धवट कापड पाहिलं, योगेशचा चेहरा पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं. कात्री उचलत योगेशला हळूच म्हणाले,

"गडबड नको करू, भाऊ. झोपू दे आप्पासले. थकी गयात."