लालसूभाऊच्या ढोलातल्या माश्या

पेटीत उतरवलेल्या माश्या थोड्याच वेळात परत बाहेर पडल्या आणि मोहाच्या त्याच फांदीला जाऊन लटकल्या. मी बुरखा वर करून पेटीत डोकं घातलं. ताज्या ऑइल पेंटचा असा भपकारा आला की माझेच डोळे चुरचुरले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. अहेरीजवळच्या एका जंगलगावात मी मधुपालनाचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नवाच रुजू झालो होतो. घाटावर कोर्स केला होता, पण स्वतःच्या हातानं एकही मोहोळ पेटीत घातलं नव्हतं. चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे, साहेब पाहणीला येणार म्हणून ऑफिसनं पेट्या हिरव्यागार रंगवून पाठवल्या होत्या. बाहेरून ठीक होतं. रंगाऱ्यानं उत्साहाच्या भरात आतूनही रंगवल्या. माशीचा सगळा कारभार वासावर चालतो. तिनं त्या पेटीत राहावं ही अपेक्षा ऑफिसच करू जाणे.

ही सातेरी माशी. झाडाच्या पोकळीत, वारुळात, अशा अंधाऱ्या जागी पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत पाळता येतं. कुटुंब वाढलं की जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन बाहेर पडते. नवी जागा सापडेपर्यंत सगळ्या एखाद्या फांदीला घोसासारख्या लटकतात. जागा सापडली की भुर्र. त्यामुळे रंग खरवडत बसायला मला सवड नव्हती.

पेटी ज्या अंगणात ठेवली होती ते लालसूभाऊचं. माझ्यापेक्षा बराच मोठा, गोंड शेतकरी, गावाचा ढोल वाजवणारा. पडवीत त्याचा ढोल टांगलेला होता. एका तोंडाचं कातडं फाटलेलं, दुसरं शाबूत. जुनं लाकूड, आत अंधार. मला आणखी काय हवं होतं?

"भाऊ, थोडे दिवस ढोल देता का?"

"ढोल? माश्या नाचवता का बाबू?"

त्याची बायको मैनीबाई आतून म्हणाली, "देऊन टाका. तसाई फाटूनच पडला हाय."

फाटलेलं तोंड खाली ठेवून ढोल घोसाच्या अगदी वर बांधला. माशी वर, अंधाराकडे चढते, असं कोर्समध्ये ऐकलं होतं. ऐकलेलं खरं निघतं का, याची मलाच जास्त उत्सुकता होती. खालून किंचित धूर दिला. आधी काही माश्या चढल्या आणि काठावर पोटाचं टोक उंचावून पंख फडफडवू लागल्या. त्या टोकाजवळून त्या एक गंध सोडतात. बाकीच्यांना ते बोलावणं असतं. मग अख्खा घोस हळूहळू ढोलात सरकला. माझी मान अवघडली, पण नजर हलेना.

पुढच्या काही दिवसांत कातड्याच्या आतल्या बाजूला पांढरीशुभ्र पोळी लटकली. मी रोज डोकावायचो आणि रोज खूश व्हायचो. तेवढ्यात लालसूभाऊ येऊन उभा राहिला.

"बाबू, आंब्याचा पंडुम ठरला. ढोल मढवाचा हाय."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. देवाला दाखवल्याशिवाय गावात कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही. आणि ढोलाशिवाय पंडुम नाही.

"दुसरा ढोल नाही चालणार?"

"देवासमोर हाच वाजते. माह्या आज्याच्या हातचा हाय."

"आणि माश्या उडून गेल्या तर?"

"तुमच्या माश्या गेल्या तं एक पेटी खाली राहीन. ढोल नाई वाजला तं गावाचा आंबा झाडावर सडन. लोकं मले काय म्हणतीन?"

तो हसत नव्हता. ढोल तर द्यायचाच होता. पण माश्या गेल्या असत्या तर त्या हंगामात दुसरं मोहोळ मिळणं कठीण होतं आणि रिकामी पेटी पाहून साहेबांनी गावातलं मधुपालन केंद्रच हलवलं असतं.

मी ढोलाखाली उताणा पडून वर बघत राहिलो. पोळ्याच्या घरांत अंडी दिसत होती, काही घरांत पांढऱ्या अळ्या, म्हणजे माश्यांची पिल्लं. नीट दिसावं म्हणून ढोल जरा कलता केला, तर माश्या उडायच्या सोडून त्या पिल्लांवर दाटीनं बसल्या. पेटीतून तर या लगेच पळाल्या होत्या! मग लक्षात आलं. रंगाचा वास होताच, पण तिथं त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. इथं पिल्लं होती. ती पोळ्यांसकट पेटीत हलवली तर माश्याही राहतील.

लालसूभाऊनं आणि मी काचेच्या तुकड्यांनी पेटीचा आतला रंग खरवडला. पेटीला ऊन दाखवलं. मैनीबाईनं जुनं मेण तापवून आतून चोपडलं.

उन्हं उतरल्यावर लालसूभाऊनं ढोल धरला आणि मी एकेक पोळं कातड्यापासून सोडवलं. लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं, म्हणजे सुक्या सालानं, बांधलं, पेटीत उभं केलं. बुरख्यात शिरलेल्या एका माशीचा डंख पापणीवर बसला, डोळा मिटला. दुसऱ्या डोळ्यानं राणी शोधली. इतरांहून लांब, काळपट. तिला काडेपेटीत घेऊन पेटीत सोडलं. उरलेल्या माश्या पेटीच्या दारापुढं धोतर अंथरून त्यावर झटकल्या, तशा त्या चालत आत गेल्या.

"राह्यतीन का?" लालसूभाऊनं विचारलं.

"माहीत नाही, भाऊ."

सकाळी चहाही न घेता पेटीच्या दाराशी जाऊन बसलो. माश्या बाहेर पडत होत्या. मग एक परत आली. मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या. ती सरळ आत शिरली. पराग हा पिल्लांचा खाऊ. घर सोडणारी माशी तो आणत बसत नाही.

"भाऊ, राहिल्या!" मी लहान पोरासारखा ओरडलो.

लालसूभाऊ ढोलात नाक घालून बसला होता. "बाबू, हे मेण मी काढत नाई. कातड्याले मेण लागलं का आवाज जड होते."

पंडुमला ढोल खरंच जड वाजला. देवाला दाखवून झाल्यावर लालसूभाऊनं कैरीची पहिली फोड काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आंबट होती.

नंतर साहेब आले. वाकून पेटीत पाहिलं. आत माश्यांची नुसती गर्दी.

"आतला रंग कुणी काढला?"

"माश्यांना चालत नव्हता, साहेब."

"सरकारी पेटी आहे. आधी परवानगी घ्यायची."

पुढे नोकरीभर नवं मोहोळ पेटीत घालताना मी आधी पिल्लांचं एक पोळं आत ठेवत आलो. त्यासाठी परवानगी मात्र कधी मागितली नाही.