बत्तीस किलो पानं

"साहेब, मी पेटी उघडलीच न्हाय. मग आत काय हाय ते मला कसं ठावं?"

भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गोडाऊनचा सुपरवायझर बाळाराम मला पोलीस कोठडीत विचारत होता. मी त्याचा वकील. प्रश्न बरोबर होता. पण रजिस्टरवर 'माल तपासला' असा शिक्का होता आणि खाली त्याची सही. ट्रक खोळंबू नये म्हणून तिकडे हा शिक्का माल उतरायच्या आधीच मारतात. नंतर पेट्या मोजतात, उघडत कोणी नाही. हे अख्ख्या भिवंडीला ठाऊक आहे, कोर्टाला ते पटवायचं कसं?

पेट्यांत भांगेच्या पानांचा चहा होता, बत्तीस किलो. डोंगराकडच्या एका राज्यात या पिकाला लायसन्स मिळतं. तिथल्या कंपनीनं ते पाकिटावर छापलंही होतं. पोलिसांनी वास घेतला आणि पंचनाम्यात गांजा लिहिला. कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत. पण चुरा झाल्यावर त्यात काय काय आहे, ते लॅबच सांगणार.

मी लायसन्स कोर्टापुढे ठेवलं.

"वकीलसाहेब, हे त्या राज्याचं. इथं महाराष्ट्र आहे," जज म्हणाले.

जामीन फेटाळला. वीस किलोच्या वर गांजाचा आरोप असला की जामीन फार अवघड. टीव्हीवर तेव्हा ही शेती खुली करावी की नाही यावर तावातावानं वाद चालायचे. मी चिडून टीव्ही बंद करायचो. कंपनीच्या मॅनेजरनं माझे फोन उचलणं सोडलं. पाच महिने झाले तरी रिपोर्टचा पत्ता नव्हता.

त्यात बाळारामच्या मुलीचं, वैशालीचं लग्न आलं. मी अर्ज केला. कोर्टानं हळदीसाठी चार तास दिले, पोलीस बंदोबस्तात. मी खुशीत तुरुंगात गेलो.

"न्हाय जायाचं, साहेब," तो म्हणाला. "सासरच्यांना सांगितलंय, बाप गुजरातला कामाला हाय. मांडवात पोलीस बघितले तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

मी थोडं समजावलं. खरं तर मलाही ते पटलं होतं.

लग्न लागलं. नवव्या दिवशी रिपोर्ट आला: पानं आणि बिया, शेंडे नाहीत. बाळाराम सुटला. माझ्या गाडीतूनच त्यानं गणेशपुरीला सासरी असलेल्या वैशालीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"बाबा, इथं सगळ्यांना पहिल्यापासून म्हाईत हाय," ती म्हणाली. "मीच सांगितलं व्हतं. सासरे बोलले, येऊ दे त्यांना, पोलिसांनाबी जेवाया वाढू. मी किती येळ हळद लावू दिली न्हाय. तुमची वाट बघत बसले व्हते."

मी गाडी बाजूला घेतली. इतकी लाज मला कुठलीही केस हरल्यावर वाटली नव्हती.

हल्ली असा अर्ज मंजूर झाला की मी तुरुंगात जायच्या आधी अशिलाच्या घरी जातो.