आठ कड्यांची पेटी

गल्लीच्या तोंडाशी, पाववाल्याच्या भट्टीला पाठ लावून एक सुताराचं दुकान आहे. तिथे खुर्च्या होत नाहीत, पलंग होत नाहीत, पाळणे तर नाहीच नाही. तिथे फक्त शवपेट्या होतात. दुकानाच्या मालकाला बाप्तिस्म्यात पाणी शिंपडून ठेवलेलं एक चांगलं नाव आहे, पण ते आता त्याच्या बायकोलाही चटकन आठवत नाही. सगळे त्याला आठकडी म्हणतात. वयाने लहान असलेले आठकडीकाका म्हणतात, तेवढाच मान राखल्यासारखा होतो.

पेटी उचलायला कड्या लागतात. बाकीचे सुतार डावीकडे तीन, उजवीकडे तीन अशा सहा ठोकून मोकळे होतात. हा आठ लावतो. का, ते विचारायचं नाही. विचारलंत तर तो हातातला रंधा बाजूला ठेवून स्टुलावर बसतो, आणि मग तुमची दुपार गेली म्हणून समजा. सहा हा माणसाचा आकडा. देवानं माणूस घडवला सहाव्या दिवशी, आणि बायबलाच्या शेवटी प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या आकड्यातही सहाच, एकदा सोडून तीनदा. म्हणजे सहा हा कायम एकाने कमी, सातापर्यंत कधीच न पोचलेला. सात म्हणजे पूर्णता, देवानं काम आटोपून विसावा घेतला तो दिवस. आणि आठ म्हणजे सात संपल्यावर उजाडलेली नवी सकाळ. जलप्रलयात नोहाच्या तारवात वाचली आठ माणसं. प्रभू उठला तो शब्बाथाच्या, त्या विसाव्याच्या सातव्या वाराच्या, दुसऱ्या दिवशी, म्हणजे मोजायला गेलं तर आठव्या. “सहा कड्यांच्या पेटीतून माणूस जातो,” तो म्हणतो, “आठ कड्यांच्या पेटीतून तो उठतो.” उठलेला अजून कोणी पाहिला नव्हता, पण आठकडीला घाई नव्हती.

हे वेड दुकानापुरतं राहिलं असतं तर गल्लीने ते कौतुकानं सांभाळलं असतं. पण आकडे त्याच्याबरोबर घरी जेवायला यायचे. घर घेतलं ते दुकानाच्याच इमारतीत, पण तिसऱ्या मजल्यावर, कारण तीन हा त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा आकडा. तळमजला त्याच भाड्यात मिळत होता. बायकोच्या गुडघ्यांचं त्रैक्याशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही. शिंप्याकडे कोट टाकला तर बटणं सातच हवीत. कोट पाच बटणांत संपत होता. शिंप्याने वैतागून उरलेली दोन मागे शिवली, आणि तेव्हापासून आठकडी चर्चच्या बाकावर जरा तिरका बसतो.

मोरीतला नळ गळायला लागला तेव्हा तर कहरच झाला. खालच्या मजल्यावर राहणारा नळवाला स्वतःच पाना घेऊन वर आला, कारण पाणी त्याच्याच अंथरुणावर ठिबकत होतं. आठकडीने त्याला दारातच अडवलं. चाळीस हा परीक्षेचा आकडा, जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, प्रभूचा रानातला उपास चाळीस दिवस; तेव्हा चाळीस दिवस सोसू, मग बघू. परीक्षा नळवाल्याची होती. तो तेवढे दिवस डोक्याशी बादली ठेवून झोपला.

पाववाल्याची गोष्ट वेगळी. तो डझनावर एक पाव वर टाकायचा, गिऱ्हाईक धरून ठेवायला. आठकडीने तो तेरावा पाव सगळ्यांसमोर परत केला. शेवटच्या भोजनाला तेरा जण बसले आणि पुढे काय झालं ते ठाऊक आहे ना, असं वर ऐकवलं. पाववाला म्हणाला की त्या तेरांत यजमान स्वतः प्रभू होता, त्याला पानावरून उठवायचं होतं काय?  आठकडीने पाव दुसऱ्या गल्लीतून आणायला सुरुवात केली.

आणि समोरच्या दुकानातल्या धाकट्या भावाशी तर छत्तीसचा आकडा होता. हा एकच आकडा त्याने शास्त्राला न विचारता सांभाळला होता. दोघे पूर्वी एकाच दुकानात, एकाच बाकावर काम करायचे. वडील गेले तेव्हा थोरला आणखी दोन कड्या आणायला बाजारात गेला, आणि तो परत येईपर्यंत धाकट्याने सहा कड्यांवर पेटी उचलायला लावली. जिन्याच्या वळणावर आठ माणसं मावत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. थोरल्याचं म्हणणं असं की बापाला तू अर्ध्या वाटेवर सोडलंस. धाकटा दुकानातून बाहेर पडला, समोर गाळा घेतला आणि दारं-खिडक्या करायला लागला. तेव्हापासून दोघे एकमेकांच्या रंध्याचा आवाज ऐकत म्हातारे होत होते.

मग एके दिवशी फळी उचलताना आठकडीच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं. पण तो तिसरा मजला थोडाच सोडणार? त्याने त्याऐवजी स्वतःची पेटी करायला घेतली. वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवलेलं लाकूड, काचेसारखी घासलेली बाजू, पितळेच्या आठ कड्या. शेजारपाजारचे बघायला आले. बायकोही आली, कमरेवर हात ठेवून तिने पेटीला एक फेरी मारली आणि विचारलं, “अहो, छान झालीय. पण धरणार कोण?”

आठकडी हसला. मग रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटावर थांबला. कोण धरणार? पाववाला? नळवाला? शिंपी? ज्याच्या त्याच्याशी त्याने कुठल्या ना कुठल्या आकड्यावरून वाकडं घेतलेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना पुनरुत्थानाची तजवीज करून दिली, आणि आपल्याला मात्र चार माणसं मिळायची पंचाईत, आठ तर दूरच.

दुसऱ्या दिवसापासून तो दारोदार फिरू लागला. माणूस लग्नाचं आमंत्रण द्यायला जातो तसा, फक्त मान खाली. पाववाल्याकडे त्याने डझन पाव घेतले आणि तेरावा निमूटपणे पिशवीत टाकला. पाववाल्याने एक कडी कबूल केली. नळवाला म्हणाला की मी धरीन, मात्र चाळीस दिवस आधी कळवा. शिंपी म्हणाला, त्याच कोटात जाणार असाल तरच. बायकोचे दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ तिच्या धाकाने तयार झाले. चर्चचा घंटावाला खांदा धरून कण्हला, पण हो म्हणाला. झाले सात. सात म्हणजे पूर्णता, पण पेटीला कड्या आठ.

“समोर जा,” बायको म्हणाली.

त्याने समोर बघितलं नाही.

“सगळे आकडे तोंडपाठ तुम्हाला. प्रभूने पेत्राला क्षमा किती वेळा करायला सांगितली, तेवढं सांगा मला.”

“सत्तर वेळा सात,” तो पुटपुटला. “पण तो आकडा लाक्षणिक आहे.”

“बाकीचे सगळे खरे आणि हा एकटाच लाक्षणिक?” असं म्हणून ती भांडी घासायला गेली. आणि तिने भांडी अशी काही आपटली की त्याला रस्ता ओलांडून जाणंच सोपं वाटलं.

धाकटा एका दाराला बिजागरी बसवत होता. थोरला उंबऱ्यात उभा राहिला आणि घसा खाकरत राहिला. धाकट्याने वर न बघताच विचारलं, “कितवी कडी माझी?”

“आठवी.”

“आणि उतरवायचं तिसऱ्या मजल्यावरून.” धाकट्याने बिजागरीवर फुंकर मारली. “मग आधी एकदा उतरवून बघू, दादा. नंतर जिन्यात भांडायला तू नसशील, मजा येणार नाही.”

असं ठरलं, आणि शनिवारी दुपारी आठकडीची रंगीत तालीम झाली. रिकामी पेटी वर नेली. सात बटणांचा कोट घालून तो आत आडवा झाला, हात छातीवर. त्याला झाकणही हवं होतं, खऱ्या वजनाचा अंदाज यावा म्हणून; बायकोने झाकण काढून घेतलं आणि ते धरून ती स्वतःच जिन्याच्या टोकाशी उभी राहिली. आठ जणांनी आठ कड्या धरल्या. धाकटा सगळ्यांत शेवटी आला, म्हणून त्याला मधली कडी मिळाली, पाववाल्याच्या समोरची.

पेटी उचलली गेली. आठकडीला आतून आठ हनुवट्या दिसत होत्या, आणि त्या बघून त्याचं मन भरून आलं. पहिला टप्पा नीट उतरला. मग वळण आलं. पेटी कलली, शिंप्याची पाठ भिंतीला घासली, आणि पाववाल्याची हनुवटी दिसेनाशी झाली.

“सोड रे,” पाववाला धाकट्याला सहज म्हणाला. “इथे मधल्यांनी सोडायचं असतं.”

“सोडायचं म्हणजे?”

“म्हणजे सोडायचं. वळणावर आठ कुठे मावतात? दोघं सोडतात, खाली पोचलं की परत धरतात. नेहमीचंच आहे.”

हे बोलताना आपण कोणाच्या डोक्यावर बोलतोय हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. पेटी तिरकी लटकलेली होती. 

“कधीपासून?” पेटीतून आवाज आला.

“पहिल्यापासून, काका,” पाववाला ओशाळून म्हणाला. “तुम्ही पुढे चालता ना, मान ताठ करून. तुम्हाला मागचं दिसत नाही.”

आठकडी छताकडे बघत राहिला. गल्लीतली एकेक पेटी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. शिंप्याची आई. नळवाल्याचा सासरा. सगळे वळणावर सहांवर उतरले होते. आणि वडीलही सहांवरच उतरले होते, इतरांसारखेच, फक्त त्यांच्या वेळी धाकट्याने ते तोंडावर सांगितलं होतं. एवढ्यासाठी त्याने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

वरून सात हनुवट्या वाट बघत होत्या. त्यातली एक वडिलांसारखी होती, तशीच खळीची. तिच्यावरून घाम निथळत होता.

“मग सोडतो, दादा,” धाकटा म्हणाला.

“तू नाही,” आठकडी म्हणाला. “छोट्या, तू सोडू नकोस.”

पाववाल्याने सांगून पाहिलं की आणखी एकाने सोडल्याशिवाय पेटी वळायची नाही, आणि मग सगळेच काकांच्या सोबतीला जातील. आठकडीने पडल्या पडल्या फर्मान काढलं की घंटावाल्याने सोडावं, त्याचा खांदा दुखतोय. घंटावाल्याने इतक्या तत्परतेने हात काढला की पेटी एका बाजूला कलंडलीच. ती धाकट्याने सावरली. दोन्ही हातांनी, दात खाऊन, खालच्या पायरीपर्यंत.

रस्त्यावर आणून पेटी टेकवली तेव्हा कोणी एक परका वाटसरू टोपी काढून अदबीने उभा राहिला होता. आठकडी पेटीत उठून बसला आणि त्याने पाठीची बटणं चाचपली. वाटसरू टोपी तिथेच टाकून पळाला. अशा रीतीने आठ कड्यांच्या पेटीतून उठलेला पहिला माणूस गल्लीने पाहिला. तो उतरला होता सहांवर, हा भाग वेगळा.

पेटी आता भावाच्या दुकानात आहे, कारण थोरल्याच्या दुकानात जागा नाही, असं दोघे सांगतात. धाकटा तिच्यात खिळे ठेवतो. आठकडी अजूनही पेट्यांना आठच कड्या लावतो, पण अंत्ययात्रेत पुढे चालत नाही. मागून येतो, भावाच्या बरोबरीने, आणि जिन्याचं वळण आलं की आपल्या बुटांकडे बघतो.

परवा शिंप्याने त्याला दुकानाच्या दारात गाठलंच. म्हणाला, काका, खरं सांगा, वळणावर सहाच असतात हे कळूनही आठ कड्या कशाला?

“आठ हा आकडा,” आठकडी म्हणाला, “लाक्षणिक आहे.”

वर तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी भांडं आपटलं. या वेळी जरा हलकेच.