वासाचा ट्युलिप

आमच्या घरात फुलाची परीक्षा एकाच पद्धतीने होते. आई ते नाकाशी नेते, डोळे मिटते आणि मग एकतर "बरां" म्हणते, नाहीतर न बोलता परत देते. सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफून मालवणच्या बाजारात पाठवण्यात तिची तीस-पस्तीस वर्षं गेली. सुरंगीच्या दिवसांत आमच्या पडवीत पाय ठेवला की माणूस आपलं काम विसरून आधी मोठा श्वास घेतो. अशा बाईला बिनवासाचं फूल दाखवून काही उपयोग नसतो.

मी एसटीत कंडक्टर आहे, कुडाळ-मालवण फेरीवर. घरात आम्ही दोघीच. गणपती आटोपल्यावरची गोष्ट. संध्याकाळी टीव्हीवर काश्मीरमधली ट्युलिपची बाग दाखवत होते. लाल, पिवळ्या, जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे. मी हातातला चहा विसरले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "दिसाक बरी आसत. पन ती बाई बघ, फुलार वाकली, पन हुंगल्यान नाय. म्हणजे वास नाय ह्यांका."

हे मला लागलं. का लागलं ते सांगता येत नाही. ट्युलिप काही माझे कोणी नव्हते. पण दुसऱ्या दिवशी कुडाळ स्टँडवर फेरी सुटायला वेळ होता, तेव्हा मी मोबाइलवर शोधायला बसले आणि शोधता शोधता जागेवरच ताठ झाले. वासाचे ट्युलिप असतात! एका जातीचा फोटो होता: पाकळ्या केशरी, प्रत्येक पाकळीच्या मधोमध जांभळी ज्वाळा, आणि खाली लिहिलेलं, सुगंधी.

विकणारा माणूस हिमाचलकडचा. मी फोन केला. समुद्रकिनाऱ्यावर राहते म्हटल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मैडम, वहाँ नहीं होगा। पैसे मत गँवाइए।" मी हट्टच धरला तेव्हा त्याने युक्ती सांगितली. या कंदांना हिवाळा लागतो. तो आपल्याकडे नाही, म्हणून बारा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे, मग लावायचे. आणि फ्रिजमध्ये जवळपास फळं नकोत. पिकणाऱ्या फळांमुळे कंदाच्या आतली कळी मरते.

आठवड्याने पार्सल आलं. दहा कंद. आईने एक उचलून पाहिला.

"कांदे कित्याक मागवलंस? कुडाळच्या बाजारात मेळाक नाय?"

"कांदे नाय गे आये. ट्युलिप."

तिने तो हुंगला आणि न बोलता परत दिला.

पहिली अडचण फ्रिजची. आमच्या फ्रिजमध्ये बारा महिने चिकू आणि केळी असतात आणि त्यावर आईचं राज्य. तेव्हा मी रस्ता ओलांडून भाभीकडे गेले. भाभी आमची शेजारीण, आईची जुनी मैत्रीण. तिचा नवरा बंदरावर मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवतो आणि ती घरासमोर छोटं दुकान चालवते. दुकानातल्या फ्रिजमध्ये फक्त पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या. फळ एकही नाही.

"ठेव गो," ती म्हणाली. "पन कोनी कांदे म्हणून मागले तर?"

मी पिशवीवर कागद चिकटवला: विकायचे नाहीत.

रोज ड्युटीवरून उतरले की मी आधी दुकानात डोकावायची. भाभी ओठांवर बोट ठेवायची. "पोरां निजली आसत, उठवू नको." गिऱ्हाइकांना वाटायचं, हिच्याकडे कोणाची तरी लहान मुलं आली आहेत.

नोव्हेंबर सरत असताना मला आठ दिवस प्रशिक्षणाला रत्नागिरीला जावं लागलं. परत आले आणि तशीच दुकानात गेले. फ्रिजचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं, वायर काढून ठेवलेली, बाटल्या सगळ्या पाण्याच्या टबात. मी दारातच उभी राहिले.

"ये गो, घाबरा नको," भाभी म्हणाली आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे कोपऱ्यात थर्माकोलची पेटी होती, मासे ठेवतात तसली. तिने झाकण उघडलं. आत बर्फाचा चुरा, त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टिकची बरणी आणि बरणीत माझे दहा कंद, फडक्यात गुंडाळलेले. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रिज बंद पडला होता. त्या दिवसापासून भाभी नवऱ्याकडून रोज सकाळी बर्फ मागून घेत होती आणि जुनं पाणी काढून नवा बर्फ भरत होती.

"माका फोन तरी करूचो!"

"फोन करून काय झाला असता? तू थयसून बर्फ पाठवतलंस?"

मी तिला मिठीच मारली. भाभीला मिठीची सवय नाही. ती बाजूला होत म्हणाली, "एकच सांगतंय, पेटी बांगड्यांची आसा. तीनदा धुतलंय, पन..."

तो 'पन' मला घरी आल्यावर कळला. मी बरणी उघडली आणि पडवीभर बांगड्याचा वास सुटला. आईने हे कंद दुसऱ्यांदा नाकाशी नेले आणि ती इतकी हसली की तिला जोत्यावर बसावं लागलं. "आता ह्येच्यातसून बांगड्याच्या वासाचा फूल येतला!" डोळे पुसत ती म्हणाली. मीही हसले, पण मनातून धास्तावले. एवढी मेहनत आणि खरंच तसं झालं तर?

फ्रिज दुरुस्त झाला, कंद परत गेले आणि बारा आठवडे पुरे झाल्यावर, डिसेंबरच्या अगदी अखेरीस, मी ते लावले. दोन मऊ पडले होते, ते फेकले. उरलेले आठ कुंड्यांत, टोक वर करून. माती, रेती आणि थोडं शेणखत. कुंड्या विहिरीच्या बाजूला ठेवल्या, जिथे नऊ वाजेपर्यंतच ऊन येतं. आता भाभी रोज सकाळी स्टीलच्या वाडग्यात बर्फाचे तुकडे घेऊन यायची आणि प्रत्येक कुंडीत मूठ मूठ टाकायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं, बर्फात वाढलेल्यांना एकदम गरम पाणी कसं द्यायचं?

नवव्या दिवशी मातीतून हिरवं टोक आलं. मी ओरडले. भाभी गिऱ्हाईक तसंच ठेवून धावत आली. "खंय? खंय?" आम्ही दोघी कुंडीपुढे उकिडव्या बसलो. तिने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. आठवड्याभरात सात कुंड्यांत कोंब आले. एक आमच्याच कोंबडीने खाल्ला. त्या दिवशी मी कोंबडीशी बोलले नाही.

झाडं फोटोतल्यासारखी उंच झाली नाहीत. जेमतेम वीतभर. पण फेब्रुवारी लागला आणि पहिल्या झाडात हिरवी कळी दिसली, मग तिच्या कडेला केशरी रंग चढू लागला. मी रोज पहाटे बॅटरी घेऊन विहिरीवर जायची. एका सकाळी कळी इतकी भरलेली दिसली की मला ड्युटीवर जावंसंच वाटेना. पण पहिली गाडी माझीच होती. "आज फुलतला वाटता, लक्ष ठेव गे," असं सांगून मी निघाले.

साडेनऊला कुडाळ स्टँडवर फोन वाजला. मी ड्युटीवर असताना आई कधीच फोन करत नाही.

"गो चेडवा, उघडला!"

"खरां? कसा आसा? वास येता?"

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "तू येतस ना आता गाडी घेवन? मी फाट्यार येतंय."

"आये, मी ड्युटीर आसंय! गाडी अशी थांबवूक येयत नाय!"

"फाट्यार थांबो आसा मा? मगे?"

आमच्या फाट्यावर थांबा आहेच. मी ड्रायव्हरला सांगितलं. तो जुना, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "थांबा आहे ना, मग थांबायचंच." पण त्या दिवशी त्याने गाडी जरा जोरात घेतली. एका बाईला मी वेगळ्याच गावचं तिकीट दिलं आणि तिनेच ते मला परत केलं. वालावलच्या एक काकी पुढच्या सीटवर होत्या, त्यांनी विचारलं, "काय झाला गो तुका?" मी सांगितलं. मग मागच्या सीटने विचारलं, मग त्यामागच्या. फाटा येईपर्यंत अख्ख्या गाडीला माहीत झालं होतं.

लांबूनच त्या दिसल्या. आईने कुंडी कडेवर घेतलेली, बाळ घेतात तशी, आणि भाभी तिच्यावर छत्री धरून उभी. गाडी थांबली. आईने कुंडी वर उचलून पहिल्या खिडकीशी नेली आणि मला फूल दिसलं. केशरी! फोटोपेक्षाही केशरी, आणि मधोमध ती जांभळी ज्वाळा. उन्हात पाकळ्या पूर्ण उमलल्या होत्या.

खिडक्यांतून नाकं बाहेर आली. "संत्र्याच्या सालीसारखो वास," वालावलच्या काकी म्हणाल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "नाय, मधासारखो." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला, वाकून हुंगलं आणि म्हणाला, "च्यायला." एवढंच. पण दोनदा.

मी सगळ्यांत शेवटी. धीरच होत नव्हता. मग आईने कुंडी माझ्यापुढे धरली आणि मी श्वास घेतला. गोड, हलका, थोडा आंबट. फोडलेल्या संत्र्यावर मध ओघळावा तसा. आणि बांगडा? कुठेच नाही! माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

"गे आये, मगे फोनवर गप कित्याक रवलंस?"

"सांगलां असतां तर तू माझ्याच नाकान हुंगलं असतंस. तुझा फूल, तू सोता हुंग."

"आणि तुका कसा वाटला?"

तिने डोळे मिटले, पुन्हा एकदा फूल नाकाशी नेलं. सगळी गाडी थांबलेली. "बरां आसा," ती म्हणाली. "सुरंगेची सर नाय. पन बरां आसा." भाभीने छत्री आईच्या डोक्यावर आपटली. "कबूल कर गो नीट! मिया रोज बर्फ घातलंय!" तेव्हा आई हसली आणि म्हणाली, "मस्त आसा." मी डबल बेल दिली आणि गाडी निघाली. मालवण येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता.

एकूण पाच फुलं आली. आमच्याकडच्या उन्हात एकेक जेमतेम चार दिवस टिकलं. एक मी देठासकट कापून भाभीला दिलं. तिने ते गल्ल्याजवळ ग्लासात ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला, काही घेवो न घेवो, आधी हुंगायला लावलं.

हिमाचलच्या माणसाला मी फोटो पाठवला. त्याने सरळ फोनच केला आणि तीनदा विचारलं, "सच में मैडम? समुंदर के पास?" हे कंद आमच्या हवेत पुन्हा फुलणार नाहीत, दरवर्षी नवे घ्यावे लागतील, हेही त्यानेच सांगितलं.

यंदा गणपती गेल्यावर त्याला फोन लावला तो मी नाही, आईने. तहसीलदार कचेरीत बोलते तसं ठेवणीतलं मराठी काढून म्हणाली, "नमस्कार. आम्ही मालवणहून बोलत आहोत. आपल्याकडचे वासाचे कंद आम्हाला हवे आहेत." पलीकडच्या माणसाला काहीच कळेना. शेवटी भाभीने फोन ओढून घेतला आणि हिंदीत समजावलं. "कितने?" त्याने विचारलं. भाभीने आईकडे पाहिलं. आईने दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, मग पुन्हा दाखवली आणि क्षणभर विचार करून आणखी एकदा.