पट्टा चढवण्याआधी

परवा इंदरगंजच्या चौराह्यावर जळक्या वार्निशाचा वास आला. कुणीतरी जुनी मोटर दुरुस्त करत होतं. मला दादाचा लोखंड कातायचा लेथ आठवला.

संस्थान विलीन झालं आणि माझ्या थोरल्या भावाचं सरकारी कारखान्यातलं काम गेलं. तिथल्याच लिलावातली मोटर त्याने आपल्या पायाने चालवायच्या लेथला लावायला आणली. तारा मी जोडल्या. मोटर उलटी फिरली तर लेथचा जड चक, म्हणजे कातायचा तुकडा पकडणारी फिरती चकती, सैल होऊन उडतो, म्हणून आधी ती पट्ट्याशिवाय फिरवून बघायची असते.

"देख लिया ना, बाळ्या? उलटी नाही ना फिरत?"

"बघितली रे दादा. कर चालू!"

बघितली नव्हती. वहिनी नारळ घेऊन ताटकळली होती. वाटलं, उलटी निघालीच तर बंद करू.

दादाने खटका दाबला. पट्टा सळसळला, चक उलटा फिरताना मला दिसला. मी ओरडेपर्यंत तो दादाच्या उजव्या हातावर आदळला होता.

"भंगार ते भंगारच निघालं," दादा कंपू मोहल्ल्यातल्या दवाखान्यात कण्हत म्हणाला. मी मान डोलावली.

लेथ विकला. दादा दाल बाजारात डाव्या हाताने डाळ तोलत म्हातारा झाला, गेलाही. मोटर चांगली होती. दोन तारांची अदलाबदल केली असती, तर सरळ फिरली असती. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.