भगवंतरावांची जीभ आणि ध्रुवावरचं तेल

संग्रामपूरच्या आसपास कुणाच्या शेतात बोर चालू असलं आणि गाडीवाल्याने "अजून जाऊ का?" असं हाताने विचारलं, की मालक गाडीवाल्याकडे बघत नाही. तो भगवंतरावांकडे बघतो. भगवंतराव पुढे होतात, बोरमधून उसळलेल्या गाळातली चिमूटभर माती उचलतात, जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मग थुंकून एकच शब्द बोलतात. "गोड." "मचूळ." किंवा "थांबव." गेली चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांनी त्याचा कधी पैसा घेतला नाही. एक नारळ आणि कडक चहा, बस्स. चहात साखर कमी पडली तर मात्र मालकाच्या सात पिढ्यांची अक्कल निघायची.

या जिभेला एवढा मान का, ते आधी समजून घेतलं पाहिजे. हा भाग खारपाणपट्टा. वरच्या वाळूच्या थरात गोड पाणी असतं. त्याच्याखाली पिवळ्या चिकण मातीचं झाकण, आणि झाकणाखाली पार मिठागरात शोभेल असं खारं पाणी. झाकणाच्या वर थांबलात तर शेत हिरवं राहतं. लोभापायी पाच फूट जास्त गेलात तर झाकण फुटतं, खालचं खारं वर चढतं आणि होतं ते गोडही हातचं जातं. शिवाय चिकण माती दोन-तीन ठिकाणी लागते, त्यातली झाकणाची कोणती हे वरून कळत नाही. ते फक्त चवीला कळतं. झाकणाच्या मातीला खालचं मीठ थोडं आधीच चढलेलं असतं. म्हणून ही जीभ.

तर अशा या भगवंतरावांना सत्तरीत नाद लागला तेलाचा. खायच्या नाही, जमिनीतल्या.

झालं असं की बसस्टँडवरच्या हॉटेलात एका सकाळी गुलाबराव गुरुजींनी पेपर मोठ्याने वाचला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पेपर स्वतःपुरता वाचणं त्यांना जमतच नाही. बातमी होती उत्तर ध्रुवाची. तिथे बर्फाखाली, समुद्राखाली तेलाचे नि गॅसचे मोठे साठे असावेत, आणि आजूबाजूचे बडे देश त्यावर हक्क सांगत होते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमची जमीन पाण्याखालून थेट तिथपर्यंत गेलेली आहे, तेव्हा तो तुकडा आमचा.

"म्हणजे बांध कोरून राह्यले," भगवंतराव म्हणाले.

सगळं हॉटेल हसलं. पण गुरुजींनाही यापेक्षा नेमका शब्द सापडला नाही.

"पण गुरुजी, तिथं तेल हाये हे चाखलं कोणं?"

"चाखत नाहीत, भगवंतराव. जमिनीत आवाज सोडतात, तो कसा परत येतो त्यावरून अंदाज काढतात."

"अंदाज! अंदाजावर एवढे मोठाले देश भांडून राह्यले? आन् तेल तिथं आलं कुठून?"

मग गुरुजींनी खडू नसताना फळा भरावा तसं सांगितलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात बारीक बारीक जीव होते. ते मेले, तळाच्या गाळात पुरले गेले, वर थरावर थर साचले, खालची उष्णता लागली, आणि त्यांचं तेल झालं.

भगवंतरावांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "अन् आपल्या खालचं मीठ कशाचं?"

"जुन्या समुद्राचं, असं म्हणतात."

"मंग आपल्याकडं समुद्रही होता, गाळही हाये, झाकणही हाये. तेल काऊन नाई? आपल्या वाट्याले मीठच काऊन?"

विज्ञानाच्या मास्तराला हॉटेलात, चार लोकांसमोर उत्तर न यावं, म्हणजे काय! तीन दिवस ते स्टँडवर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी वहीत टिपणं काढून आले. आपला गाळ फार नवा आहे, पुरेसा खोल नाही, पुरेसा शिजला नाही, आणि खालचं मीठ समुद्राचं की उन्हाने पाणी आटून साचलेलं, यावरही जाणकारांचं एकमत नाही.

"म्हणजे तुमालेही पक्कं मालूम नाई," भगवंतराव खूश होऊन म्हणाले.

तोवर त्यांनीही तयारी केली होती. पुण्याला असलेल्या नातीकडून, काजलकडून, त्यांनी फोनवर माहिती मागवली होती. काजलने शोधून पाठवलं की काही शास्त्रज्ञांचं, विशेषतः रशियातल्या काही जुन्या मंडळींचं, मत वेगळंच होतं. तेलाला कोणताही जीव मरावा लागत नाही. ते धरतीच्या पोटात खूप खोल आपोआप तयार होतं आणि वर झिरपत येतं.

"म्हणजे उपसलं तरी मागून भरते!" भगवंतराव टेबलावर हात मारून म्हणाले. "धरतीमाय रिकामी होत नाई. मंग भांडतात कशाले?"

"बहुतेक शास्त्रज्ञ ते मानत नाहीत," गुरुजी म्हणाले. "जिथे जिथे तेल सापडलं, तिथे त्यात जुन्या जीवांच्या खुणा सापडल्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संपलं की संपलं. म्हणून तर भांडतात."

असा तो वाद पावसाळाभर चालला. हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. ज्यांना उत्तर कुठे नि दक्षिण कुठे हे सांगता आलं नसतं ते जीवांच्या बाजूने किंवा पोटाच्या बाजूने गळ्याच्या शिरा ताणू लागले. लोकांना वाटे, म्हातारा काय आपलंच घोडं दामटतोय! पण भगवंतरावांना ते 'मागून भरते' खरं असायला हवं होतं. त्यांच्या गरजेचं कारण फक्त त्यांना माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. ताप उतरला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. मिरची नुसती पोळायची, गूळ नुसता चिकटायचा. कुणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक गाळ घेऊन येत राहिले आणि ते डोळे मिटत राहिले. माहितीतली शेतं होती, जुन्या आठवणीवर, मातीच्या रंगावर, शेजारच्या बोराच्या हिशेबावर शब्द टाकायचे. तो बरोबर निघायचा.

मागच्या उन्हाळ्यात नाही निघाला. राम नावाच्या तरण्या शेतकऱ्याचं बोर होतं, नदीकडच्या शेतात. माती पिवळी लागली. भगवंतरावांनी चिमूट तोंडात घेतली, कचकच लागली, बाकी काही नाही. ही झाकणाची नसावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. "गोड," ते म्हणाले, "जाऊ दे अजून." गाडी गेली आणि झाकण फुटलं. चार दिवसांत पाणी असं खारट झालं की बैलाने तोंड लावून मान फिरवली. राम बिचारा काय म्हणाला, तर "काका, माह्यं नशीबच खारं." त्याने भगवंतरावांना नारळही दिला. तो नारळ त्यांनी फोडला नाही. देवळीत तसाच होता. रोज सकाळी तो दिसायचा आणि त्यांना स्वतःची लाज वाटायची.

आता कळलं ना, म्हातारा एवढा का भांडायचा? धरतीचं पोट मागून भरत असेल, तर रामचं पाणीही कधीतरी गोड होईल. बिघडलेलं दुरुस्त होईल. गुरुजींचं खरं असेल, तर गेलं ते गेलं.

दिवाळीनंतर वंदना दारात आली. वंदना गावातलीच. दीड एकरात वांगी, मेथी, टमाटे काढून संग्रामपूरच्या बाजारात स्वतः विकणारी. तिने बोर घ्यायचं ठरवलं होतं. शेत नवं घेतलेलं, भगवंतरावांच्या आठवणीत नसलेलं. आजूबाजूला बोरही नाही. "काका, तुमच्या जिभेवरच सारं हाये," ती सांगून गेली.

त्या संध्याकाळी भगवंतराव जेवत असताना अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, "वरण कसं झालं?"

"झ्याक."

"मीठ टाकलं नाई त्यात. दोन वर्षांपासून मी मधून मधून टाकत नाई. तुमी एक डाव बोलले नाई."

भगवंतरावांचा घास हातातच राहिला. ज्या माणसाने चहातल्या अर्ध्या चमचा साखरेवरून भांडणं केली, त्याचं हे गुपित चुलीपाशी दोन वर्षं उघडं पडलेलं होतं.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलसान म्हून वाट पाह्यली. रामचं बोर झालं तवाही पाह्यली." त्यांनी वरणात मीठ घातलं आणि वाटी पुढे सरकवली. "आवो, चव गेली तं गेली. सांगाले तोंड तं हाये ना?"

दुसऱ्या दिवशी वंदनाच्या शेतावर निघण्याआधी ते हॉटेलात थांबले. गुरुजी एकटेच होते. भगवंतरावांनी उगीच विचारलं, "दुसऱ्या ध्रुवाचं काय, गुरुजी? खालच्या. तिथंही बांध कोरून राह्यले का?"

"तिथे नाही. म्हणजे हक्क सांगणारे आहेत. पण खनिजासाठी खणायचं नाही, असा देशांनी मिळून करार केलाय."

"खाली काय हाये हे पक्कं मालूम नसतानी थांबले?"

"मालूम नाही, म्हणूनही थांबले असतील."

भगवंतरावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चला माह्यासंगं."

वंदनाच्या शेतात गाडी धडधडत होती. पंचवीस-तीस माणसं जमली होती, त्यात रामही होता. ऐंशी फुटांवर पाणी लागलं होतं, पण धार बारीक होती. वंदनाला आणखी हवं होतं आणि तिचं काही चुकत नव्हतं. नव्वदीला पिवळी माती वर आली. गाडीवाल्याने हात केला. सगळ्यांच्या माना वळल्या.

भगवंतरावांनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. डोळे मिटले नाहीत. थुंकले.

"मले चव येत नाई," ते म्हणाले. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि पुन्हा म्हणाले, "दोन वर्षांपासून येत नाई. तापात गेली. राम, तुह्यं बोर म्या अंदाजानं सांगतलं होतं. तुह्या नशिबाचा काही गुन्हा नाई."

राम जमिनीकडे बघत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा भगवंतरावांना मोकळा श्वास आला. मग ते गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, जीभ काढा."

"मी? अहो, मी आयुष्यात माती—"

"पुस्तकातली चाखली ना लय? आता ही चाखा."

गुरुजींनी चष्मा सावरला आणि औषध घ्यावं तशी चिमूट तोंडात टाकली. त्यांचा चेहरा असा झाला की एवढ्या ताणातही वंदनाला हसू फुटलं.

"थुकू नका! पयले काय लागते?"

"काही नाही. मातीच."

"पुढं नका पाहू. कडेले पाहा, जिभेच्या कडेले. डाव्या, उजव्या."

गुरुजींनी डोळे मिटले. भगवंतराव त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते, की जणू ती जीभ त्यांचीच होती. चाळीस वर्षांत त्यांनी ही विद्या कुणाला शिकवली नव्हती. शिकवता येते हेच त्यांना माहीत नव्हतं.

"थोडी... चुणचुण होतेय," गुरुजी म्हणाले. "कडेला. आणि आता मागे घशाकडे."

"थांबव!" भगवंतराव ओरडले. "बाई, इथंच थांब. मीठ चढलं हाये मातीले, हेच झाकण. धार बारीक असो, गोड हाये."

वंदनाने एकदा त्यांच्याकडे, एकदा गुरुजींकडे बघितलं. मग गाडीवाल्याला म्हणाली, "पाइप काढून घ्या, दादा."

तिचं पाणी आजही गोड आहे. पंप तास-दीड तास चालतो, मग विश्रांती घेतो, पण मेथी हिरवीगार असते.

राम दोन महिने भगवंतरावांशी बोलला नाही. त्याचा हक्कच होता तो. भगवंतराव नारळ घेऊन त्याच्या दारात गेले तेव्हा त्याने तो परत घेतला, एवढंच. तिसऱ्या महिन्यात मात्र तोच हॉटेलात येऊन उभा राहिला. "काका, तुमी म्हणता ना मागून भरते? मंग माह्या बोराचं पाणी पाह्यत जा."

तेव्हापासून दर गुरुवारी दोघं म्हातारे नदीकडच्या त्या शेतात जातात. राम बादलीभर पाणी उपसून ठेवतो. गुरुजी ओंजळीने घेतात, कडेला, मग मागे, शिकवल्याबरहुकूम. भगवंतराव शेजारी उभे राहून विचारतात, "काय लागते?"

"खारं."

"मागल्या गुरुवारपेक्षा?"

परवाच्या गुरुवारी गुरुजींनी पुन्हा एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं, भगवंतरावांना कळलंही नसतं. त्यांनी पाणी थुंकलं.

"तेवढंच," ते म्हणाले. भगवंतरावांनी मान हलवली आणि बादली बांधावर पालथी केली. परतीच्या वाटेवर अर्धं शेत मागे पडलं. पावसाळाभर ज्यांनी एक इंच माघार घेतली नव्हती, ते गुरुजी थांबले आणि म्हणाले, "भगवंतराव, या वादात तुमचंच खरं निघो."