नंदिनी बेसबॉल खेळत नव्हती

जिवंत होती तेव्हा तुम्ही तिला कॉलेजचं मैदान दिलं नाहीत. आज तिचा फोटो हॉल ऑफ फेममध्ये लावलात.

आज नंदिनीला जाऊन वर्ष झालं. मुहूर्त छान शोधलात.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नंदिनी आमच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर. मी कॅचर. दोघी गंगेकाठच्या, मंगला गौरीच्या गल्लीतल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी.

राजा घाटाच्या भिंतीवर बॉल आपटून आपटून ती शिकली. आंघोळीला आलेले लोक ओरडायचे. ही म्हणायची, "बस चाचा, एक और."

खालून हात फिरवून असा बॉल टाकायची की ग्लव्हच्या आत माझा तळवा झणझणायचा.

कॉलेजचं मैदान मुलांच्या क्रिकेटचं. आम्हाला पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. तिथून तिनं टीम उभी केली, कॅप्टन झाली, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकून दिली.

फायनलला तिचा खांदा सुजला होता. मी म्हटलं, "नंदू, बस झालं. दुसरीला टाकू दे."

"तू ग्लव्ह धर गं फक्त."

ट्रॉफी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेली. दुखरा खांदा तिच्याकडे राहिला. जन्मभर.

पुढे शाळेत नोकरी करून ती संध्याकाळी आसपासच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवायला लागली. कॉलेजचं मैदान मागायला गेली, मी सोबत होते. क्रीडाप्रमुख खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"मैडम, बाहर वालों को अलाउड नहीं है."

"सर, मैं बाहर वाली कब से हो गई?"

ते चहा पीत राहिले.

मग ती मुलींना पंचगंगा घाटावरून नावेनं पलीकडे वाळूत न्यायची. गंगा चढली की वाळू पाण्याखाली, प्रॅक्टिस बंद. ती पुन्हा मैदान मागायची, क्रीडाप्रमुख पुन्हा नाही म्हणायचे.

कॅन्सर झाला. केमो चालू असतानाही वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ओरडायची, "कोहनी अंदर, पूजा! अंदर!"

हीच पूजा यंदा भारताच्या संघात गेली. पेपरवाल्यांना तिनं नंदिनीचं नाव सांगितलं.

आणि अचानक कॉलेजला आपली लेक आठवली.

आज स्टेजवर तेच क्रीडाप्रमुख. हार, दिवा, फोटो. माइकवर म्हणाले, "बेसबॉल की महान खिलाड़ी, हमारे परिवार की बेटी."

बेसबॉल!

नंदिनीची आई, आमच्या काकू, शाल घ्यायला उठल्या. शाल घेतलीच नाही. माइकपाशी गेल्या.

"सर, वो सॉफ्टबॉल खेलती थी."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. काकू थांबल्या नाहीत.

"उसकी लड़कियाँ गेट के बाहर खड़ी हैं. आपके गार्ड ने रोका है. ये शाल रहने दीजिए, उनको मैदान दीजिए."

"माताजी, आज ऐसी बातों का अवसर नहीं है."

"मेरी बेटी के लिए कब था?"

एवढं बोलून काकू स्टेजवरून उतरल्या आणि सरळ दाराकडे चालायला लागल्या. मी उठले. आमची जुनी टीम उठली. कुणी साडीत, कुणी मूल कडेवर घेऊन.

गेटवर गार्ड आडवा आला. काकू म्हणाल्या, "भैया, हटो." तो हटला.

मुली आत आल्या. टाकीमागच्या कोपऱ्यात नाही, मैदानाच्या मधोमध. पूजानं पिचिंग केलं, मी साडी खोचून कॅच करायला बसले. माझे गुडघे बोंबलत होते. काकू उन्हात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी नंदिनीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

"असंच टाकायची का गं?"

"याहून जोरात, काकू."

थोड्या वेळानं आम्हाला बाहेर काढलं. गेटला कुलूप लावलं. आत भिंतीवर तिचा फोटो हसतोय.

उद्या संध्याकाळी मुली पुन्हा त्याच गेटवर येणार आहेत. काकूही. ज्यांना तिच्याबद्दल खरंच काही वाटतं त्यांनी इथे फुलं आणि हात जोडलेले इमोजी टाकू नयेत, तिथे यावं.

तुझ्या आत्म्याला शांती मिळो, नंदू.

आम्हाला इतक्यात नको.